‘एक्झिट टॅक्स’ नावाचा कर नाही, दोन टक्क्यांची अट मात्र आहे

न्यू जर्सीत घर विकायला काढलेल्या मराठी कुटुंबात एक शब्द हमखास कानावर येतो, तो म्हणजे ‘एक्झिट टॅक्स’. राज्य सोडून टेक्सास, फ्लोरिडा किंवा नॉर्थ कॅरोलिनाकडे निघालेल्या माणसाला न्यू जर्सी सरकार जाता जाता दंड ठोठावते, अशी ही समजूत आहे. रिअल्टरच्या, म्हणजे घरविक्री जुळवणाऱ्या दलालाच्या, तोंडी हाच शब्द असतो, स्नेहसंमेलनात जेवणाच्या पंगतीत हाच शब्द असतो आणि निवृत्तीनंतर कुठे राहायचे याची चर्चा सुरू झाली की पहिला उल्लेख याचाच होतो. दुसऱ्या बाजूला हिशेबनीस मंडळी हा शब्द ऐकताच हात झटकतात आणि ‘असा कर मुळात नाहीच’ एवढे सांगून विषय संपवतात. मला दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडत आहेत असे वाटते. राज्याबाहेर राहणाऱ्या विक्रेत्याने आपली करस्थिती विक्रीच्या वेळीच जाहीर करावी आणि नफ्यावरचा अंदाजे कर तिथेच भरावा, हा नियम तत्त्वतः न्याय्य आहे आणि तो टिकायला हवा. पण तोटा झालेल्या विक्रेत्याकडूनही किंमतीच्या दोन टक्के रक्कम घेणे, प्रत्येकाला सर्वांत वरचा दर लावणे आणि ही सगळी माहिती विक्रेत्याला अगदी शेवटच्या टप्प्यावर मिळणे, या तीन गोष्टी अन्यायाच्या आहेत. ‘एक्झिट टॅक्स रद्द करा’ अशी ओरड करणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे आहे, आणि त्या धोपटण्याच्या आवाजात खऱ्या तक्रारी कोणालाच ऐकू येत नाहीत.

आधी नियम काय आहे ते पाहू. जेम्स मॅकग्रीव्ही राज्यपाल असताना २००४ साली न्यू जर्सी विधिमंडळाने कायदा केला आणि तो १ ऑगस्ट २००४ पासून लागू झाला. राज्यातील स्थावर मालमत्ता विकणाऱ्या प्रत्येकाने जीआयटी/आरईपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फॉर्मपैकी एक डीडसोबत, म्हणजे मालकी हस्तांतराच्या दस्तासोबत, द्यायचा. तो नसेल तर काउंटी क्लर्क डीडची नोंदणी करत नाही. विक्रेता राज्याचा रहिवासी असेल, किंवा विकलेले घर हे त्याचे मुख्य निवासस्थान असेल, तर तिसऱ्या क्रमांकाच्या फॉर्मवर त्या चौकटीत खूण करून सही केली की काम संपते. तो बाहेरचा असेल आणि कोणत्याही सवलतीत बसत नसेल, तर नफ्यावर राज्याच्या सर्वोच्च दराने, म्हणजे सध्या १०.७५ टक्क्यांनी, अंदाजे कर भरायचा. मात्र ही रक्कम विक्रीच्या किंमतीच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना खरा कर ठरतो आणि जास्तीची रक्कम परत मिळते. म्हणजे हा वेगळा कर नाही, त्याच प्राप्तिकराचा आगाऊ हप्ता आहे. घर विकताना द्यावी लागणारी रिअल्टी ट्रान्सफर फी ही निराळी बाब असून ती १९६८ पासून आहे आणि रहिवासी व परका असा भेद न करता लागते. क्लोझिंगच्या, म्हणजे विक्रीचा व्यवहार पुरा होतानाच्या, हिशेबात दोन्ही आकडे जवळजवळ छापलेले दिसतात, आणि गोंधळाला बहुधा तिथूनच सुरुवात होते.

‘एक्झिट टॅक्स’ या शब्दाला माझा आक्षेप केवळ तांत्रिक नाही. निघून जाण्यावरच कर लावणारी राज्ये जगाने पाहिली आहेत. जर्मनीत डिसेंबर १९३१ मध्ये ब्रूनिंग सरकारने देश सोडणाऱ्या धनिकांच्या एकूण मालमत्तेवर पंचवीस टक्के कर बसवला. पुढे नाझी राजवटीने १९३४ मध्ये त्याची मर्यादा दोन लाख राइशमार्कवरून पन्नास हजारांवर आणली आणि जीव वाचवून पळणाऱ्या ज्यूंना लुबाडण्याचे हत्यार म्हणून तो वापरला. खुद्द अमेरिकेतही नागरिकत्व सोडणाऱ्या श्रीमंतांनी आपली मालमत्ता विकलीच आहे असे मानून नफ्यावर कर घेण्याची तरतूद २००८ पासून आहे. हे खरे निर्गमन कर आहेत, कारण तिथे करास कारण होते ते माणसाचे जाणे. न्यू जर्सीच्या नियमाला हीच कसोटी लावून पाहा. भाड्याच्या घरात पंधरा वर्षे राहिलेला माणूस उद्या राज्य सोडून गेला तर त्याला काय भरावे लागते? काहीही नाही. जन्मात कधी न्यू जर्सीत न राहिलेल्या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाने केप मे येथील आपले समुद्रकाठचे घर नफ्यात विकले तर? त्याला भरावे लागते. तो तर कुठूनही बाहेर पडलेला नाही. मग ज्या करातून जाणारा माणूस सुटतो आणि ज्यात कधी न आलेला माणूस सापडतो, त्याला जाण्यावरचा कर म्हणणे कोणत्या तर्काने योग्य ठरते?

उत्पन्न जिथे उपजले तिथल्या राज्याचा त्यावर अधिकार आहे का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटला आहे. शिकागोत राहून ओक्लाहोमात तेलाचा धंदा करणाऱ्या शेफर नावाच्या व्यावसायिकाने ओक्लाहोमाचा प्राप्तिकर देण्यास नकार दिला, तेव्हा १ मार्च १९२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. त्याच दिवशी न्यायालयाने आणखी एक खटला निकालात काढला, आणि आपल्या विषयासाठी तो अधिक मोलाचा आहे. येल अँड टाउन ही कुलपे बनवणारी कंपनी. तिचे न्यू यॉर्कमध्ये काम करणारे काही कर्मचारी कनेक्टिकट आणि न्यू जर्सीत राहत होते. न्यू यॉर्कने आपल्या रहिवाशांना दिलेली वैयक्तिक वजावट या बाहेरच्यांना नाकारली होती. न्यायालयाने ती भेदभावाची तरतूद रद्द ठरवली. पण फक्त बाहेरच्यांच्याच पगारातून कर कापून घेण्याची पद्धत मात्र वैध मानली, कारण त्यामुळे कराचा बोजा वाढत नाही, केवळ वसुलीचा मार्ग बदलतो. बोजात भेद नको, वसुलीच्या पद्धतीत भेद चालेल, अशी ही रेषा १९२० साली आखली गेली. आजचा वाद याच रेषेवर तपासला पाहिजे.

न्यू जर्सीचा स्वतःचा इतिहास या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही, हेही मान्य करायला हवे. १९६१ मध्ये या राज्याने ‘आणीबाणीचा वाहतूक कर’ आणला. त्याचा भार प्रत्यक्षात न्यू यॉर्कमध्ये राहून न्यू जर्सीत कामाला येणाऱ्यांवर पडत होता, आणि आणीबाणी म्हणून आणलेला हा कर दोन दशके चालू राहिला. शेवटी १९८३ मध्ये न्यू जर्सीच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. ज्याला इथे मत नाही त्याच्यावर कर लादणे प्रत्येक विधिमंडळाला सोपे जाते, आणि म्हणून बाहेरच्यांसाठी वेगळा फॉर्म दिसला की संशय घेणे वावगे नाही. फरक इतकाच की त्या वेळी कराचा भारच वेगळा होता. आज खरा कर दोघांनाही एकाच कोष्टकाने लागतो.

आता विरोधकांचे सर्वांत वजनदार मुद्दे घेऊ, कारण ते टाळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. पहिला मुद्दा असा की विक्रीची माहिती केंद्र सरकारकडे १०९९-एस या पत्रकाने जातेच, ती राज्याला मिळू शकते, मग आगाऊ पैसे कशाला? आणि एका राज्याने न्यायालयातून मिळवलेला कराचा हुकूमनामा दुसऱ्या राज्याने मानलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्येच सांगितले आहे. मग पळून जाणाऱ्याची भीती कसली? या युक्तिवादात तथ्य आहे, पण व्यवहारात तो टिकत नाही. त्या पत्रकावर एकूण किंमत असते, नफा नसतो. ते पुढच्या वर्षी येते, आणि तोपर्यंत पैसे वाटले गेलेले असतात. हुकूमनामा मिळवायचा तर आधी खटला लढावा लागतो. सहा-सात हजार डॉलरसाठी फ्लोरिडातल्या माणसामागे वकील लावणारे राज्य शहाणे म्हणता येणार नाही, आणि न लावणारे राज्य प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरवते. रहिवाशाच्या बाबतीत राज्याकडे त्याची दरवर्षीची विवरणपत्रे असतात, पगारातली कपात असते, आणि वर्षाअखेर चारशे डॉलरहून अधिक कर देणे निघणार असेल तर त्यालाही तिमाही हप्ते भरावे लागतात. म्हणजे रहिवासी आणि परका यांच्यातील अंतर काही महिन्यांचे आहे, आणि त्या अंतराला कारण आहे.

शिवाय हा नफा आला कुठून, हेही विचारले पाहिजे. एडिसनमधले भाड्याने दिलेले घर वीस वर्षांत दुप्पट किंमतीला गेले, ते मालकाने भिंतींना रंग दिला म्हणून नव्हे. शाळा चांगल्या राहिल्या, मेट्रोपार्कहून न्यू यॉर्कची गाडी सुटत राहिली, शेजारी माणसे येत राहिली, म्हणून ते घर वाढले. न्यू जर्सीचा प्राप्तिकर जन्मालाच आला तो शाळांच्या पैशांच्या वादातून. १ जुलै १९७६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निधीची न्याय्य व्यवस्था होईपर्यंत सार्वजनिक शाळांवरचा खर्च थांबवला आणि आठवड्याभरातच राज्यपाल ब्रेंडन बर्न यांनी प्राप्तिकराच्या विधेयकावर सही केली. त्या कराचे उत्पन्न घरपट्टीचा भार हलका करण्यासाठीच वापरायचे, असे राज्यघटनेत लिहिलेले आहे. घराची किंमत ज्या व्यवस्थेमुळे वाढली तिचा वाटा विक्रीच्या दिवशी बाजूला काढून ठेवायला सांगणे, यात मला जुलूम दिसत नाही.

पण दुसऱ्या मुद्द्यावर मी विरोधकांच्या बाजूने उभा आहे. कोणी २००६ साली, भाव शिगेला असताना, साडेचार लाख डॉलरला घर घेतले, पुढे नोकरीमुळे बाहेरगावी गेला, घर भाड्याने दिले आणि २०१२ मध्ये तीन लाख ऐंशी हजारांना विकले असे समजा. सत्तर हजारांचा तोटा. तरीही किंमतीच्या दोन टक्के, म्हणजे सात हजार सहाशे डॉलर, त्याने आधी भरायचे आणि पुढच्या वर्षी परत मागायचे. जिथे नफाच नाही तिथे नफ्याचा आगाऊ कर कसला? चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार झाला. याचे समर्थन असे केले जाते की क्लोझिंगच्या टेबलावर खरेदीची मूळ किंमत, दुरुस्त्या, घसारा हे तपासता येत नाही, म्हणून एक तळाची रक्कम हवी. हे कारण मला पटत नाही. ‘हे माझे मुख्य निवासस्थान आहे’ एवढ्या विधानावर आणि सहीवर राज्य लाखो डॉलरचा नफा आगाऊ करातून मोकळा सोडते. मुख्य निवासस्थानाच्या विधानावर विश्वास ठेवता येतो, तर तोट्याच्या विधानावर का नाही? खोटी सही दोन्हीकडे सारखीच शिक्षेला पात्र आहे. शेजारचे न्यू यॉर्क बाहेरच्या विक्रेत्याकडून फॉर्म घेतेच, पण नफा नसेल तर पैसे घेत नाही. कॅलिफोर्नियात साधारणपणे किंमतीच्या सव्वातीन टक्क्यांहून थोडी अधिक रक्कम कापली जाते, परंतु तोटा झाल्याचे प्रमाणित केले तर कपात होत नाही. ही राज्ये काही करवसुलीत ढिली म्हणून प्रसिद्ध नाहीत.

सर्वोच्च दराचेही तसेच आहे. १०.७५ टक्के हा दर दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नासाठी आहे. तीन लाखांचा नफा झालेल्या दांपत्याला प्रत्यक्षात त्या दराच्या जवळही जावे लागत नाही. त्या टप्प्यावर विवाहितांसाठीचा दर ६.३७ टक्के आहे आणि खालच्या टप्प्यांवर तो आणखी कमी आहे. तरीही त्यांनी सव्वाबत्तीस हजार डॉलर आधी भरायचे. इथे १९२० ची रेषा पुसट होऊ लागते. वसुलीची पद्धत वेगळी असणे एक गोष्ट आहे, आणि देणे नसलेली मोठी रक्कम वर्षभर बिनव्याजी अडकवून ठेवणे ही दुसरी. घरावर कर्ज शिल्लक असलेल्या माणसाच्या हातात क्लोझिंगनंतर जे उरते, त्यातला मोठा हिस्सा यात जाऊ शकतो.

आपल्यापैकी अनेकांना याची ओळख भारतातील व्यवहारातून आधीच झालेली आहे. पुण्यातला फ्लॅट निवासी भारतीयाने विकला तर पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किंमतीवर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. ही तरतूद १ जून २०१३ ची. तोच फ्लॅट अनिवासी मालकाने विकला तर आयकर कायद्याखाली भांडवली नफ्याच्या दराने, अधिभार आणि उपकरासह, कपात होते. खरेदीदार धोका नको म्हणून ती पूर्ण किंमतीवरच करतो, नफ्यावर नव्हे. हे न्यू जर्सीपेक्षा कडक आहे. पण तिथे एक वाट आहे: विक्रीआधी आयकर खात्याकडे अर्ज करून, खरेदीचे दस्त दाखवून, कमी कपातीचे प्रमाणपत्र आणता येते. त्यासाठी खेटे पडतात, आठवडे जातात, हे मी जाणतो. तरी आधी हिशेब मांडून घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. परदेशी विक्रेत्यांसाठी १९८० पासून असलेल्या अमेरिकेच्या केंद्रीय नियमातही असे प्रमाणपत्र मिळते. न्यू जर्सीने तळाची दोन टक्क्यांची अट काढून या धर्तीवर खऱ्या टप्प्यांनुसार हिशेब करण्याची मुभा दिली, तर खजिन्याचे काहीही बुडणार नाही.

राहिली ती वेळेची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वाधिक त्रास तिनेच होतो. आमच्या ओळखीच्या एका काकांनी १९९८ मध्ये दोन लाख दहा हजारांना घेतलेले घर २०२२ च्या वसंतात पाच लाख चाळीस हजारांना विकले. काका-काकू चोवीस वर्षे त्याच घरात राहिले होते. मुलीजवळ राहावे म्हणून पाच महिने आधी नॉर्थ कॅरोलिनात गेले होते. क्लोझिंगच्या दोन दिवस आधी वकिलाच्या कार्यालयातून कागदांचा गठ्ठा ईमेलने आला आणि त्यात बाहेरच्या विक्रेत्याचा फॉर्म भरून ठेवलेला होता: तीन लाख तीस हजारांच्या नफ्यावर पस्तीस हजार चारशे पंचाहत्तर डॉलर. काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. “अरे, चोवीस वर्षं घरपट्टी भरली, एक हप्ता चुकवला नाही. आता निघताना हे असं करतात का रे आपल्याशी?” मी त्यांना दुसरा फॉर्म उघडायला सांगितला. त्यातली दुसरी चौकट मुख्य निवासस्थानाची. शेवटच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे मालक त्या घरात राहिला असेल तर दांपत्याला पाच लाखांपर्यंतचा नफा माफ, ही १९९७ ची केंद्रीय तरतूद न्यू जर्सीही मानते. बाहेरगावी राहायला गेल्याने ती सवलत जात नाही. त्यांचे देणे शून्य होते. काकू शेजारी बसून चष्मा लावून तो इंग्रजी मजकूर शब्द शब्द वाचत होत्या, आणि “दोन नंबरची ना? नक्की दोन नंबरची?” असे त्यांनी तीनदा विचारले. त्यांनी मला फोन केला नसता तर? पैसे परत मागण्यासाठी ए-३१२८ नावाचा वेगळा अर्ज आहे, वर्षअखेरीच्या विवरणपत्राची वाट न पाहता तो करता येतो. पण तो आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्याचा काय उपयोग?

इथे दोष नियमाचा होता की माहितीचा? विक्रेत्याने आपली करस्थिती जाहीर करावी असा आग्रह धरणाऱ्या राज्याने, ती जाहीर करण्याचे पर्याय विक्रेत्याला कधी कळतात याकडे पाहिलेले नाही. जाहीर करणे दोन्ही बाजूंनी असते. घर विकायला काढताना रिअल्टरशी जो लिस्टिंगचा करार होतो, त्याच दिवशी विक्रेत्याच्या हातात हे फॉर्म, सवलतींच्या चौकटी आणि एक साधा हिशेब पडला, तर त्याला मूळ खरेदीचे कागद शोधायला दोन-तीन महिने मिळतील, हिशेबनीसाला विचारायला सवड मिळेल, आणि घर आधी विकायचे की आधी गाव बदलायचे याचाही विचार करता येईल. ‘विक्रेते स्वतःच आधी का वाचत नाहीत’ असे काही जण विचारतात. फॉर्म राज्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले आहेत, हे खरे. पण जो माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर विकतो, त्याला कोणता फॉर्म शोधायचा हेच माहीत नसते. ते ज्याला रोजच्या कामाने माहीत आहे त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी टाकणे रास्त आहे. घराच्या तळघरात पाणी येते का, छप्पर किती जुने आहे, हे खरेदीदाराला आधी सांगायची पद्धत आपण स्वीकारलीच आहे.

म्हणून राजधानी ट्रेंटनमधल्या विधिमंडळाकडे मागायचे असेल तर नेमके मागावे. फॉर्म राहू द्या, नफ्यावरचा आगाऊ हप्ताही राहू द्या. तोट्यात विकणाऱ्याला सहीनिशी विधान करून दोन टक्क्यांतून सुटण्याची चौकट द्या, हिशेब वरच्या दराऐवजी खऱ्या टप्प्यांनी करू द्या, आणि लिस्टिंगच्या करारासोबत ही माहिती देणे बंधनकारक करा. काकांच्या त्या फॉर्मवर छापील चौकटींची रांग होती. तिच्यात तोट्याची एक चौकट वाढवायला कागदावर एका ओळीची जागा पुरेल.